करडईतलं विमान

इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा स्नेहल परतीच्या वाटेवर होती. भालकीवरून वळून झालं होतं, खाली हुमनाबाद तालुक्याची काळी रानं पसरलेली होती आणि ती मांडीवरच्या नकाशाशी रस्ते ताडून बघत होती. आधी एक बारीकसा खंड पडला, माणसाला ठसका लागावा तसा. मग सगळं विमान थरथरायला लागलं.

विमान दोन आसनांचं होतं, शिकाऊ. शेजारचं आसन रिकामं. कलबुर्गीला उड्डाण शिकायला लागल्यापासून एकटीनं एवढ्या लांब यायची तिची ही दुसरी खेप.

स्नेहल मूळची बीदरची. तिथं हवाई दलाची विमानं रोज डोक्यावरून जातात. शाळेत असताना विमान आलं की बाई फळ्याकडं तोंड करून थांबायच्या, आवाज गेला की पुढचं वाक्य सुरू करायच्या. बाकीच्या पोरी त्या वेळात गप्पा मारायच्या, स्नेहल खिडकीतून बघायची. तिचे वडील राजपाल सरकारी बसवर ड्रायव्हर, बीदर-हैदराबाद गाडीवर. आई पंचशीला अंगणवाडीत. बारावीनंतर तिनं घरात सांगितलं की मला विमान चालवायचंय, सरकारी शिष्यवृत्ती मिळतीय, तेव्हा राजपालनं हातातला चहा खाली ठेवून एवढंच विचारलं होतं, "लायसन कवा मिळतंय मंग?"

आता ती तेच लायसन मिळवायच्या वाटेवर होती आणि इंजिन दम तोडत होतं.

तिला शिकवलेलं सगळं तिनं करून बघितलं. इंजिनात गरम हवा सोडायची कळ ओढली. इंधनाच्या टाक्या बदलल्या. पंप लावला. थरथर कमी झाली नाही, ताकद मात्र कमी होत गेली. उंचीचा काटा हळूहळू उतरायला लागला. कलबुर्गी लांब होतं. एवढ्या उंचीवरून तिथवर पोचणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"नाक खाली, वेग सांभाळ, मग जागा बघ," तिला शिकवणारे कॅप्टन गुरुबसव शेजारी बसून शंभरदा म्हणाले असतील. तिनं नाक खाली घेतलं. वेग धरला. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा इशारा दिला, कुठं आहे ते सांगितलं, एकटीच आहे तेही सांगितलं. पलीकडून उत्तर आलं. आपला आवाज आपल्याला परका वाटला, पण शब्द नीट निघाले.

मग जागा. हायवेवर ट्रकांची रांग होती, तो नको. ऊस उंच. तूर काढलेल्या रानात धसकटं राहतात आणि ती टायर फाडतात, हे तिला तिच्या आजोळामुळं माहीत होतं. दुबलगुंडी गावाच्या अलीकडं एक लांब, काळंभोर, मोकळं रान दिसलं. सोयाबीन काढून नांगरायचं राहिलेलं. त्याच्या पलीकडं पिवळट रंगाचं एक पीक. लांबवर एका गुऱ्हाळाचा धूर निघत होता आणि तो पूर्वेकडून पश्चिमेकडं वाकला होता. म्हणजे वारा पूर्वेचा, आणि उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. तिनं पश्चिमेच्या बाजूनं वळण घेतलं.

सगळं मनासारखं जुळत आलं होतं. रान समोर आलं, मोठं होत गेलं, आणि तेव्हाच तिला रानाच्या कडेचे खांब दिसले. वरून दिसले नव्हते. खांब म्हणजे तारा.

विचार करायला वेळ नव्हता. उरलीसुरली ताकद वापरून तिनं विमान थोडं लांब तरंगत ठेवलं. तारा पोटाखालून गेल्या. मग तिनं इंजिन बंद केलं, इंधन तोडलं, दार जरा उघडून ठेवलं, अपघातात ते अडकून बसू नये म्हणून. मागची चाकं टेकली. आदळली नाहीत, टेकली. उंचसखल मातीवरून विमान दणदण उडत पळायला लागलं. तारांमुळं निम्मं रान मागंच वाया गेलं होतं. ब्रेक दाबले, पण मातीत काही उपयोग झाला नाही. समोर बांध आला, पुढचं चाक बांधावर चढलं, काड्कन आवाज आला आणि विमान नाक टेकवत त्या पिवळ्या पिकात घुसलं.

आणि थांबलं.

शेपूट वर, नाक खाली. पट्ट्यानं खांदा आवळला होता. काहीतरी टिकटिक वाजत होतं, तापलेलं लोखंड थंड होत असावं. स्नेहलनं सगळी बटणं एकेक करून बंद केली, पट्टा सोडला आणि खाली उडी मारली. त्याबरोबर ती "आई गं" म्हणून ओरडली. विमान पडताना ओरडली नव्हती ती.

ती करडई होती. पिकायला आलेली, फुलं वाळत चाललेली, कमरेएवढी, पानापानाला काटे. तिच्या पॅन्टमधून ते मांड्यांत, पोटऱ्यांत घुसले होते. विमानापासून लांब जायला हवं हे कळत होतं. दोन्ही हात वर धरून ती एकेक पाऊल टाकत बांधाकडं निघाली.

बांधावर एक म्हातारी उभी होती. नऊवारी खोचलेली, हातात विळा.

"बाई गं, लागलं का तुला? रगत यायलंय का कुठं?"

"न्हाई मावशी. काटेच टोचलेत फक्त."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "मराठी बोलतीस व्हय? म्या म्हनलं कुठली तरी हैदराबाद-दिल्लीची असंल. आत आनि कोन हाय?"

"कोण न्हाई. मी एकटीच."

"एकटी?" म्हातारीनं विमानाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, परत विमानाकडं बघितलं. "तूच चालवायलीस ते?"

"व्हय."

"आगं माझ्या बाई," म्हणत म्हातारीनं विळा खाली टाकला आणि स्नेहलला दोन्ही हातांनी धरून बांधावर ओढून घेतलं.

तिचं नाव चंद्रभागाबाई. रान तिचं आणि तिचा नवरा श्रीपतराव यांचं. श्रीपतराव पलीकडं हरभऱ्यात होते, ते धावत आले तेव्हा त्यांना आधी धापच आवरेना. जरा दम घेऊन त्यांनी खिशातली विडीकाडी काढून लांब धुऱ्यावर नेऊन ठेवली आणि परत आले. "पेट्रोल असतंय त्यात," ते बायकोला म्हणाले. "कुनी काडी वढू नगा हितं."

स्नेहलचा फोन खिशात होता. तिनं आधी कलबुर्गीच्या उड्डाण शाळेला कळवलं. मग आईला. पंचशीलानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उभी हायस का बसलीस?"

"उभी हाय मम्मी."

"मंग बस. पाणी पी. मी पप्पाला सांगते."

"पप्पा गाडीवर असतील. चालवताना नको सांगू."

"मला कळतंय ते," पंचशीला म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला.

तोवर गावातून मोटारसायकली यायला लागल्या होत्या. पोरं, बाप्ये, शाळेतली मुलं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. सगळ्यांना विमान जवळून बघायचं होतं, हात लावायचा होता, त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढायचा होता. आणि सगळे करडईच्या कडेला येऊन थांबत होते. एकदोघांनी बूट घालून आत शिरायचा प्रयत्न केला आणि शिव्या देत परत फिरले. एकानं स्लीपर घालून तो प्रयत्न केला, त्याची तर पंचाईतच झाली. त्याला आत जाता येईना की बाहेर येता येईना. सगळे हसायला लागले.

"कामून हासायलाव?" चंद्रभागाबाईनं सगळ्यांना दटावलं. "आनि कुनी आत पाऊल टाकलं तर बघा. तुडवून ठिवताल समदं. लांबूनच बगा, इमान काय पळून जायलंय का?"

पोलीस आले ते पण बांधावरच थांबले. विमानाभोवती पट्टी बांधायला त्यांनी आणली होती, ती त्यांनी घडी करून परत गाडीत ठेवली.

चंद्रभागाबाईनं स्नेहलला चिंचेच्या सावलीत बसवलं. गळ्यातल्या साखळीला अडकवलेली पिन काढली आणि तिच्या हातातले, पोटऱ्यांतले काटे काढायला बसली. काढता काढता तिची नजर स्नेहलच्या गळ्यातल्या लहानशा बुद्धाच्या पदकाकडं गेली. ती जरा थांबली. स्नेहलही थांबली. अशा वेळी पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधायची सवय तिला लहानपणापासूनची.

"तुमच्यात हात जोडतात न्हवं बाबासायबाला आनि बुद्धाला?" म्हातारी म्हणाली.

"व्हय."

"मंग जोड की एकडाव. म्या माज्या अंबाबाईला जोडले मगाच, तू तारंवरनं आलीस तवाच. पर ते माजं झालं. तुजं तू जोड."

स्नेहलनं हात जोडले. डोळे मिटल्यावर तिला तारा दिसल्या, आणि मग काही दिसलं नाही, नुसतं ऊन लागलं तोंडावर. ती डोळे उघडून बसली तेव्हा म्हातारीनं फडकं सोडलं होतं. ज्वारीच्या भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. "माजी न्याहारी राहिलीया. ये, दोघी खाऊ."

स्नेहलला वाटलं होतं की घास उतरणार नाही. तिनं दीड भाकर खाल्ली.

कॅप्टन गुरुबसव जीपनं आले. मोठ्या मिशांचे, मितभाषी गृहस्थ, मूळचे आळंदचे. ते कुणाशी न बोलता सरळ करडईत शिरले, काट्यांची पर्वा न करता विमानाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून मोडलेलं चाक बघितलं, वाकलेला पंखा बघितला आणि परत आले. स्नेहल उभी राहिली.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. थरथर, गरम हवा, टाक्या, मेडे, धूर, वळण. तारांपाशी आली तेव्हा अडखळली. "तारा मला उशिरा दिसल्या सर. आधी दिसायला पाहिजे होत्या. खांब दिसले असते तर मी दुसरीकडून आले असते. मग बांधापर्यंत गेलेच नसते."

"हं," कॅप्टन म्हणाले. त्यांनी तारांकडं बघितलं. "तारा वरून दिसत नाहीत. मलाही दिसत नाहीत. खांब शोधायचे असतात. पुढच्या वेळी आधी खांब शोधशील."

"पुढच्या वेळी?"

"चौकशी होईपर्यंत तू उडणार नाहीस. त्यानंतर माझ्याबरोबर." ते खाली बसले आणि पॅन्टमधले काटे उपटायला लागले. बराच वेळ उपटत राहिले. मग मान न वर करता म्हणाले, "विमान दुरुस्त होतं, स्नेहल. तू आपल्या पायांनी बाहेर आलीस. मी हेच शिकवतो. बाकीचं सगळं त्याच्यासाठीच असतं."

चंद्रभागाबाईनं त्यांच्यापुढंही भाकर सरकवली. त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी नको-नको केलं. तिनं कन्नडमध्येच त्यांना गप्प केलं, आणि त्यांनी खाल्ली.

राजपाल आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याला बातमी जहिराबादला कळली होती. गाडी थांब्यावर असताना कंडक्टरनं आपल्या फोनवर आलेला फोटो दाखवला होता, शेपूट वर केलेलं विमान आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, पायलट पोरगी सुखरूप. मागोमाग पंचशीलाचा फोन आला. "गाडी इथंच सोड, दुसरा ड्रायव्हर मागवू," कंडक्टर म्हणाला होता. पण गाडी भरलेली होती, बीदरला दवाखान्यात जायची माणसं होती, परीक्षेला जायची पोरं होती. राजपालनं तोंडावर पाणी मारलं आणि गाडी बीदरला आणली. एरवी चालवतो त्यापेक्षाही हळू. डेपोत गाडी लावली आणि मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून मन्नाएखेळ्ळीवरून इथं आला. स्वतः चालवायचं धाडस त्याला झालं नव्हतं. हे त्यानं नंतर सांगितलं.

आल्या आल्या तो लेकीकडं आला नाही. लांबूनच तिला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं, हात वर करून "बरी हायस का?" अशी खूण केली, आणि तिनं मान डोलावल्यावर तो रानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तारांच्या खालून चालत येऊन, रानाच्या मध्याला चाकांच्या खुणा जिथं सुरू होत होत्या तिथं उभा राहिला. मग त्या खुणांवरून चालत आला. शेवटपर्यंत. बांधापाशी थांबला. खाकी कपड्यांतच करडईत शिरला, विमानाच्या मोठ्या चाकावर हात ठेवून उभा राहिला.

तो परत आला आणि स्नेहलसमोर उभा राहिला.

"सरळ आलीस," तो म्हणाला. "कुठंच वाकडं गेलं न्हाई."

"बांधावर मोडलं पप्पा."

"बांधावर मोडनारच की. त्यो काय तू घातलास व्हय बांध?"

मग तिला रडू आलं. सकाळपासूनचं सगळं एकदम. राजपालनं तिचं डोकं छातीशी धरलं, आणि तिला दिसलं की त्याच्या खाकी पॅन्टीत गुडघ्यापर्यंत करडईचे काटे रुतलेत आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. ती रडताना हसायला लागली. "पप्पा, तुमी बसा आधी."

"बसतो," राजपाल म्हणाला आणि तिथंच मातीत बसला. चंद्रभागाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

विमान लगेच हलणार नव्हतं. चौकशीची माणसं येणार, बघणार, फोटो काढणार, मगच ते उचलायचं. आणि उचलायचं तर ट्रक रानात आणायला हवा. ट्रकाची वाट एक तर हरभऱ्यातून होती, नाही तर करडईतून. हरभरा घाट्यांनी लगडलेला होता. श्रीपतरावांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांना ऐकवलं, "हरबऱ्यातून न्हाई जायचं. करडई काढायला आली म्हंजी म्या वाट करून देतो. तवर ऱ्हाऊ द्या इमान. माज्या रानात हाय, कोन नेतंय?"

कॅप्टन म्हणाले, "चालेल. पिकाचं जे नुकसान झालंय ते शाळा भरून देईल."

"ते तुमी बगा. पर पोरीला सांगा, करडई काढायला यायचं. तिनंच घातलंय इमान, तिनंच काढायचं."

सगळे हसले. पण तो म्हातारा चेष्टा करत नव्हता, आणि स्नेहललाही ती चेष्टा वाटली नाही.

ते विमान करडईत बरेच दिवस राहिलं. आसपासच्या गावांतनं माणसं यायची, बांधावर उभी राहायची. चंद्रभागाबाई त्यांना सगळी हकीकत सांगायची आणि दर वेळी तारा थोड्या आणखी उंच व्हायच्या. चौकशी करणारे दोन अधिकारी आले. इंजिन उघडल्यावर आत एक झडप अडकून बसलेली सापडली, बाहेरून कुणाला दिसली नसती अशी. स्नेहलचा जबाब घेतला. त्यांतला एक जण जाताना तिला म्हणाला, "खांब बघत जा." ती म्हणाली, "व्हय सर. आता झोपेतसुद्धा खांबच दिसतात."

करडई पहाटे काढतात. दवानं काटे मऊ पडलेले असतात तोवर, ऊन चढलं की हात लावता येत नाही. म्हणून राजपाल, पंचशीला आणि स्नेहल आदल्या दिवशीच येऊन श्रीपतरावांच्या घरी मुक्कामाला राहिले. झुंजुमुंजू झालं तशी सगळी रानात उतरली. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, पायाला जुने मोजे. श्रीपतराव पुढं, त्यांच्या मागं राजपाल. त्याचा विळा नीट चालत नव्हता. चंद्रभागाबाईनं दोनदा त्याच्या हातातून घेऊन दाखवला.

"ड्रायव्हर हाव न्हवं तुमी," ती म्हणाली. "स्टेरिंग न्हाई ह्याला."

"कळायलंय अक्का, कळायलंय."

पंचशीला स्नेहलच्या शेजारच्या ओळीत होती. तिचं कापणं सफाईचं होतं, लहानपणी तिनं पुष्कळ केलेलं. मायलेकी विमानाजवळ पोचल्या तेव्हा पंचशीलानं विळा थांबवून पहिल्यांदाच ते नीट बघितलं. एवढ्या दिवसांत फोटोच बघितले होते तिनं.

"केवढंसं हाय गं हे," ती म्हणाली. "मला वाटलं मोठं असंल."

"शिकायचं विमान हाय मम्मी. शिकायला लहानच असतंय."

"आनि ह्यात तू एकटी बसायलीस."

"पुढच्या महिन्यात परत बसायलेय."

पंचशीलानं तिच्याकडं बघितलं. विमानाच्या पंखाखालची करडई तेवढी राहिली होती, ती वाकून कापली. मग उभी राहून कमरेवर हात ठेवला. "बस. पन उतरल्यावर फोन करायचा. मला, आधी."

ऊन वर येईतो वाट झाली. ट्रक आला, शाळेची माणसं आली, पंख सुटे करून गवताच्या पेंढ्यांवर ठेवले गेले. कॅप्टननी श्रीपतरावांना आत बसून बघायला सांगितलं. म्हातारा आत बसला, हात कुठं ठेवायचे ते कळेना म्हणून मांडीवर ठेवले, आणि बाहेर येऊन म्हणाला, "बैलगाडीपेक्षा आखूड हाय." मग सगळ्यांनी रानातच चहा घेतला. गुळाचा होता.

स्नेहल परत उडाली ती उन्हाळा लागल्यावर. शेजारी कॅप्टन होते आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवरच ठेवले होते. तिचं उतरणं जरा उडी मारल्यासारखं झालं, दोनदा. दुसऱ्या दिवशी बरं झालं. तिसऱ्या दिवशी कॅप्टन खाली उतरले, दार लावलं आणि तिला एकटीला जायची खूण केली. ती गेली, फेरी मारून आली, चाकं टेकली की नाही हे क्षणभर तिलाच कळलं नाही इतकी अलगद टेकली. पार्किंगमध्ये येऊन तिनं आधी आईला फोन केला. दुसरा फोन बापाला. तो गाडीवर होता, उचलला नाही.

आता तिला लायसन मिळालंय. मोठ्या विमानाचं शिक्षण पुढं आहे. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी दुबलगुंडीहून फोन येतो, एखादं विमान रानावरून गेलं की.

"आत्ता गेलं ते तूच हुतीस का गं?" चंद्रभागाबाई विचारते.

"न्हाई मावशी. ते हवाई दलाचं असंल."

"मला वाटलं तूच. खाली आलतं जरा." मागं श्रीपतराव काहीतरी ओरडतात, ती फोन कानापासून लांब धरून त्यांना गप्प करते, परत येते. "कवा येतीस मंग? हरबरा सोलून ठिवलाय तुज्यासाटी. ह्या बारीनं रस्त्यानं ये."